चाकांवरचं घर, बारालाचाच्या वाटेवर

मुलांनो, भातुकलीत तुम्ही कधी गाडीचं घर केलंय का? आमच्या देवरूखच्या घरी माझा दादा आणि मी एक खेळ खेळायचो. माजघरात चार खुर्च्या एकामागे एक मांडायच्या, वरून आईचं जुनं लुगडं टाकायचं आणि आत शिरायचं. दादा ड्रायव्हर. मी कंडक्टर, शिवाय स्वयंपाकीण. शेवटच्या खुर्चीवर चूल, तिच्याखाली अंथरूण. आमची एस.टी. देवरूख डेपोतून सुटायची ती संगमेश्वरला न थांबता थेट हिमालयात जायची! वाटेत भूक लागली की मी चुरमुऱ्यांचा भात वाढायचे.

तो खेळ गेल्या जून महिन्यात खरा झाला. म्हणजे जवळजवळ खरा. 'जवळजवळ' का म्हणते ते पुढे कळेल.

दादा, वहिनी, सहावीत जाणारे आमचे भाचेबुवा आणि मी असे चौघे मनालीला गेलो आणि तिथून एक मोटरहोम भाड्याने घेतलं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. टेम्पो ट्रॅव्हलर तुम्ही लग्नाच्या वऱ्हाडात पाहिली असेल, तिच्यातल्या बहुतेक खुर्च्या काढून आत संसार मांडलेला असतो. दाराशी ओटा, त्यावर दोन शेगड्या, खाली छोटा सिलिंडर. समोरासमोर दोन बाकं, मधे टेबल. रात्री टेबल खाली पाडलं की बाकांचा पलंग होतो. टपावर सौरपट्टी, तिने भरणारी एक वेगळी बॅटरी, म्हणजे रात्री दिवा लावला तरी सकाळी गाडी चालू व्हायला अडचण नाही. मागे कपाटाएवढी मोरी. आणि संडास? (हा प्रश्न वर्गात सगळ्यांनी विचारला, म्हणून सांगून टाकते.) त्याच्याखाली एक बंद टाकी असते. ती मुक्कामाला पोचल्यावर शौचालयातच रिकामी करायची, नदीत किंवा रस्त्याकडेला मुळीच नाही. पाण्याची टाकी शंभर लिटरची होती. कोकणात राहून शंभर लिटर म्हणजे काय ते कळत नाही. भांडी घासताना कळतं.

ज्या घराला स्वतःचं इंजिन असतं ते मोटरहोम आणि जे दुसऱ्या गाडीच्या मागे जोडून ओढत न्यावं लागतं ते कॅरव्हान, असा खरा फरक आहे. आपल्याकडे दोन्हीला कॅरव्हानच म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये पर्यटनाचं धोरण जाहीर केलं तेही 'कॅरव्हान' याच नावाने. तसं पाहिलं तर चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही. विळे-कोयते करणाऱ्या घिसाड्यांच्या बैलगाड्या तुमच्या आजोबांना विचारा. भाता, ऐरण, मुलं, कोंबड्या सगळं एका गाडीवर! फरक एवढाच, की ते पोटासाठी फिरत आणि आम्ही हौसेसाठी निघालो होतो.

अशा गाड्यांचं खरं माहेरघर म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. कॅनडातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत जाणारा अलास्का हायवे मोटरहोमवाल्यांचा फार लाडका. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन सैन्याने हा सुमारे २,७०० किलोमीटरचा रस्ता आठेक महिन्यांत जंगलातून काढला. तिथे मैलोन् मैल माणूस दिसत नाही, उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उजेड असतो आणि अस्वलं रस्ता ओलांडतात म्हणे. आपल्या उत्तरेच्या रस्त्यावर अस्वलांची भीती तेवढी नाही. इथे भीती आहे ती उंचीची, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

आमचा रस्ता होता मनाली ते लेह. पूर्वी मनाली सोडली की रोहतांगची खिंड चढावी लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटर लांबीचा हा बोगदा डोंगराच्या पोटातून जातो आणि ४६ किलोमीटर वाचवतो. गंमत पाहा, बोगद्यात शिरताना बाहेर देवदारांची हिरवीगार गर्दी, ओले कातळ, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पलीकडे निघालो तर उघडेबोडके करडे डोंगर! आपल्या आंबा घाटाचंच हे मोठं भावंड. कोकणातून वर चढलं की पलीकडे पाऊस कमी कमी होत जातो ना, तसंच. ढग अलीकडच्या उतारावरच रिकामे होतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. लेहमध्ये वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास. एवढा आपल्याकडे मृगाच्या एका रात्रीत पडतो.

पहिला मुक्काम जिस्पाला केला. उंची ३,२०० मीटर. भागा नदीच्या काठावर गाडी उभी केली, वहिनीने कुळथाचं पिठलं आणि भात केला, आणि नदीचा आवाज ऐकत आम्ही झोपलो. मला रात्री दोनदा जाग आली, छातीत जरा धडधडलं, पुन्हा झोपले.

ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे तो दिवस इथून सुरू होतो.

सकाळी सहाला निघालो. गाडीचे चालक लाहौलचेच, केलांगच्या बाजूचे. पन्नाशीचे, कमी बोलणारे. आम्ही त्यांना भाईजी म्हणायचो. भाईजींची घाई चालली होती. "नाले में पानी बढने से पहले निकलना है, जी." मला वाटलं, आकाशात तर ढगाचा ठिपका नाही, पाणी कुठून वाढणार? पण विचारलं नाही.

दारचाला पोलीस चौकी आहे. तिथे गाडीचा नंबर आणि माणसांची नावं लिहून घेतात. पुढे कुठे अडकलात तर कोण कोण गेलं होतं ते कळावं म्हणून. शिंकू ला खिंडीकडून झांस्करला जाणारा रस्ता इथूनच फुटतो. त्या खिंडीखालून बोगदा काढायचं काम २०२४ मध्ये सुरू झालं आहे. आम्हाला मात्र सरळ जायचं होतं.

दीपक ताल नावाचं छोटं तळं लागलं. हिरवं, स्वच्छ, डोंगर त्यात उलटा. तिथे आम्ही न्याहारी सोडली तर काय दिसावं! देवरूखहून नेलेलं चिवड्याचं बंद पाकीट फुटबॉलसारखं टम्म फुगलेलं. भाचेबुवा एकदम खूश. "आत्या, चिवडा बाळसं धरतोय!" खरं कारण असं. पाकीट देवरूखला बंद झालं तेव्हा आत तिथली हवा कोंडली गेली. आपण जसजसे वर जातो तसतसा बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. आतली हवा मग पाकिटाला बाहेर ढकलते. त्याने ते पाकीट फोडू दिलं नाही. "वर किती फुगतं ते बघू या," म्हणाला आणि खिडकीशी ठेवून दिलं. आमचं उंची मोजण्याचं यंत्र तेच!

रस्ता चढत होता. झिंगझिंगबार नावाचं ठिकाण आलं. नाव गमतीचं असलं तरी वस्ती म्हणजे काही तंबू आणि रस्ता बांधणाऱ्यांचे पत्र्याचे निवारे. हा रस्ता सीमा सडक संघटना सांभाळते. ७ मे १९६० रोजी स्थापन झालेली ही संघटना सीमेवरचे रस्ते बांधते, आणि त्याहून कठीण म्हणजे दर उन्हाळ्याच्या तोंडाला ते बर्फातून उकरून काढते. कामावरची पुष्कळ माणसं झारखंडची आणि नेपाळची. तोंडाला फडकं बांधून ती खडी पसरत होती. चालताना आम्हाला धाप लागत होती, आणि ती तिथे घमेली उचलत होती.

पुढे सूरज ताल. जूनचा पहिला आठवडा, त्यामुळे तळं बहुतेक गोठलेलं, कडेला तेवढी निळ्या पाण्याची किनार. इथे भागा नदीचा उगम. बारालाचा खिंडीच्या दुसऱ्या अंगाला चंद्रा नदी उगम पावते. लाहौलमध्ये एक गोष्ट सांगतात. चंद्राची लेक चंद्रा आणि सूर्याचा मुलगा भागा यांचं एकमेकांवर प्रेम बसलं. दोघांनी ठरवलं, बारालाचावरून उलट्या दिशांना निघायचं, जगाला वळसा घालायचा आणि मग भेटायचं. त्या दोन नद्या खरोखरच डोंगराला वळसा घालून खाली तांदी गावापाशी भेटतात, आणि पुढच्या नदीचं नाव काय होतं? चंद्रभागा! पुढे तीच चिनाब. आपल्या पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा नदी, चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून ते नाव. ही दुसरी. वहिनीने गाडीतूनच हात जोडले आणि म्हणाली, "आषाढीच्या आधीच दर्शन झालं."

या गोष्टीवर भाचेबुवा काहीतरी बोलतील असं मला वाटलं होतं. ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. मी मनात म्हटलं, लवकर उठलाय, झोप आली असेल. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग बारालाचा. उंची सुमारे ४,८९० मीटर. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. अशा तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर बारालाचापेक्षा जेमतेम पन्नास मीटर जास्त होतील! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना यंत्राने कापलेल्या बर्फाच्या भिंती, आमच्या गाडीच्या टपापेक्षा उंच. वर आकाश इतकं गडद निळं, की शाईची दौत सांडल्यासारखं. भाचा उतरला, बर्फाचा गोळा करून वीसेक पावलं पळाला आणि मटकन खाली बसला. आम्ही हसलो. फोटोही काढला. तो फोटो मी आता फारसा उघडत नाही.

भाईजींनी दहा मिनिटांत सगळ्यांना गाडीत कोंबलं.

साडेबाराला सरचूच्या माळावर पोचलो. ४,२९० मीटर. हिमाचल आणि लडाखची हद्द इथेच. लांबच लांब सपाट माळ, बाजूला नदीने मातीचे कडे कोरून जणू खांबांच्या रांगाच उभ्या केलेल्या, आणि वाऱ्याचा एकसारखा आवाज. झाड औषधालाही नाही. आमचा त्या रात्रीचा मुक्काम इथे ठरला होता.

वहिनीने कुकर लावला. तुम्ही म्हणाल, गाडीत जागा कमी असताना कुकरचं ओझं कशाला? तर इथे कुकरशिवाय गत्यंतरच नाही. पाणी १०० अंशांना उकळतं असं आपण पुस्तकात वाचतो, ते समुद्रकाठचं गणित. साधारण दर ३०० मीटर उंचीला एक अंश कमी होतो. करा भागाकार! सरचूला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळू लागतं. चहा झटकन उकळतो पण फिका लागतो, आणि डाळ उघड्या पातेल्यात तासभर खदखदली तरी टणकच. कुकर वाफ कोंडून दाब वाढवतो, म्हणून तिथे भात शिजतो. (आणि बरं का, थंडी वाजते म्हणून बंद गाडीत रात्री शेगडी पेटती ठेवू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघू शकतो आणि त्याला वासही नसतो.)

कुकर उतरला, पानं वाढली, आणि भाचा म्हणाला, "मला नको." मग उठला, दारापाशी गेला आणि ओकला.

वहिनी म्हणाली, "गाडी लागली असेल." वळणं तर भरपूर होती. लिंबाचं लोणचं चाटवलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा उलटी. आता तो टेबलावर डोकं टेकून गप्प बसला. मी विचारलं, "डोकं दुखतंय का रे?" मान हलली. "कधीपासून?"

"झिंगझिंगबारपासून."

म्हणजे चार तास! "मग सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "मी सांगितलं असतं तर तुम्ही परत फिरला असतात. बाबा वर्षभर लेह लेह करतायत."

मुलांनो, मला तिथे काय वाटलं ते लिहायला जड जातं. वर्गात कुणी पोट दुखतंय म्हणून आलं तर "जरा सोसायला शिक" असं मी कितीदा तरी म्हटलेलं आहे. आमच्या घरातही तेच वळण. माझा शहाणा भाचा तेच शिकला होता.

त्याला जे झालं होतं त्याला विरळ हवेचा आजार म्हणतात. तो असा समजून घ्या. एस.टी.त पन्नास माणसं असतील आणि दर पाचातला एक शाळेचा विद्यार्थी असेल, तर विद्यार्थी झाले दहा. आता त्याच एस.टी.त तीसच माणसं आहेत. पाचातला एक हे प्रमाण तेच, पण विद्यार्थी सहाच. हवेचंही तसंच. सरचूला हवेत ऑक्सिजनचं प्रमाण देवरूखएवढंच, म्हणजे २१ टक्के. पण हवाच विरळ. समुद्रकाठी जितकी असते तिच्या सुमारे ६० टक्के. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी. शरीर हे हळूहळू अंगवळणी पाडतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. जाणकार सांगतात, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आम्ही जिस्पाहून सरचूला एका दिवसात हजाराच्यावर मीटर चढलो होतो, आणि तिथेच झोपणार होतो. नकाशावर किलोमीटर मोजले, मीटर मोजलेच नाहीत. ८५ किलोमीटर म्हणजे काय, देवरूख ते कोल्हापूरपेक्षा थोडं कमीच, असं दादा म्हणाला होता आणि मीही मान डोलावली होती.

भाईजींनी त्याला खाली उतरवलं. मातीत बोटाने एक रेघ ओढली आणि त्या रेघेवरून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं टेकवत चालायला सांगितलं. तो चालला. हळू, पण सरळ. भाईजींनी सुस्कारा सोडला. अशा वेळी माणूस तोल जाऊन झोकांड्या खाऊ लागला, किंवा बसल्या जागी धापा टाकू लागला, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याची ती खूण असू शकते, आणि मग जिवावरचं संकट. कोरोनाच्या दिवसांत घराघरांत आलेलं बोटाला लावायचं ते यंत्र आठवतंय? आमच्याकडे होतं. दादाचा आकडा ८४ आला, माझा ८२. भाच्याचा ७२.

दादा म्हणाला, "झोपू दे त्याला. सकाळी टवटवीत होईल. इथवर आलोय, लेह अडीचशे किलोमीटर राहिलंय." खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. बाहेर इतकं सुंदर ऊन पडलं होतं. वहिनी काही बोलली नाही, नुसती मुलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. भाईजी शेवटी म्हणाले, "साबजी, लेह कहीं नहीं जाएगा. बच्चे को नीचे ले चलो. अभी."

इथे सरचूची खरी अडचण लक्षात घ्या. वर चढल्याने त्रास झाला तर उपाय एकच, खाली उतरायचं. पण सरचू दोन खिंडींच्या मधे आहे. पुढे लेहकडे गेलं तर लाचुंग ला, पाच हजार मीटरच्या वर. मागे फिरलं तर बारालाचा. खाली उतरण्यासाठी आधी वर चढावंच लागतं! त्यातल्या त्यात मागचा रस्ता जवळचा. चढ सहाशे मीटरचा, आणि खिंड ओलांडली की पुढे सगळा उतार.

दादा मिनिटभर नदीकडे बघत उभा राहिला. मग आत आला, वाढलेली पानं तशीच कुकरात उपडी केली, टेबल पाडून पलंग केला आणि म्हणाला, "चला." वाजले होते पावणेतीन.

आमच्याकडे ऑक्सिजनची छोटी नळकांडी होती आणि छावणीतल्या माणसांनी एक मोठा सिलिंडर दिला. पैसे विचारले तर "लौटते समय" म्हणाले. आम्ही कधी परतणार ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही. (तो सिलिंडर भाईजींनी पुढच्या फेरीत पोचवला.) भाचा आडवा, तोंडावर मास्क, डोकं वहिनीच्या मांडीवर. मी दर दहा मिनिटांनी त्याला काहीतरी विचारत होते. आठाचा पाढा म्हण, तुझ्या वर्गशिक्षिकेचं नाव सांग. तो वैतागून म्हणाला, "आत्या, सुट्टीत तरी पाढे नको ना." एवढा आनंद मला कुठल्याच उत्तराने झाला नव्हता.

बारालाचाच्या बर्फाच्या गल्लीत समोरून ट्रकांची रांग आली. लेहला लागणारं सामान, सिलिंडर, भाजीपाला याच रस्त्याने जातो. दोन मोठ्या गाड्या एकमेकींना ओलांडतील एवढी जागा नव्हती. भाईजींनी काच खाली करून ओरडून सांगितलं, "बच्चा बीमार है!" पहिल्या ट्रकवाल्याने ते मागच्याला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला, आणि चार ट्रक रांगेने मागे सरकत सरकत रुंद जागेपर्यंत गेले. भरलेला ट्रक बर्फावरून मागे घेणं म्हणजे काय ते घाटात गाडी चालवणाऱ्यांना विचारा.

खिंड ओलांडली. आता उतार म्हणून मी हुश्श केलं, आणि झिंगझिंगबारच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे सात-आठ गाड्या उभ्या. सकाळी आम्ही ज्या ओढ्यातून चाकंसुद्धा पुरती न भिजवता आलो होतो तो ओढा आता रस्त्यावरून घोंघावत वाहत होता, मातकट, दगड गडगडवत. आकाश अजूनही निरभ्र होतं!

भाईजींच्या सकाळच्या घाईचं कोडं तेव्हा सुटलं. आपल्याकडे ओढ्याला पूर येतो पावसाने. तिथे येतो उन्हाने. रात्री थंडीने बर्फ घट्ट होतं, म्हणून पहाटे ओढे रोडावलेले असतात. दिवसभर ऊन तापतं, वरचं बर्फ वितळतं, आणि ते पाणी डोंगर उतरून रस्त्यापर्यंत यायला काही तास लागतात. त्यामुळे सगळ्यात जास्त पाणी दुपार कलल्यावर. बऱ्याच ओढ्यांवर आता पूल झालेत. या ओढ्यावर नव्हता.

आम्ही पाऊण तास थांबलो. सिलिंडरचा काटा खाली येत होता. दादा दर पाच मिनिटांनी तो बघे आणि मग मुद्दाम खिडकीबाहेर बघे. शेवटी रस्तेवाल्यांचं एक बुलडोझर आलं. चालकाने दोन-तीन खेपांत मोठे धोंडे बाजूला ढकलले, खड्ड्यात दगड लोटले, आणि स्वतःच पाण्यात एकदा आरपार जाऊन आला. सकाळी खडी पसरणारी माणसं काठावर उभी राहून हातांनी खुणा करत होती, इकडे घ्या, आता सरळ, थांबू नका. त्यांनी आमची गाडी पहिली सोडली. पाणी पायरीपर्यंत आलं, मागे ओट्यातली भांडी खणखणली, गाडी एका बाजूला कलली, आणि वर आली. मी खिडकीतून हात हलवला. फडकी बांधलेल्या तोंडांवरचं काहीच दिसलं नाही, पण एकाने घमेलं उंच करून दाखवलं.

उतारावर भाच्याचा आकडा चढू लागला. दीपक तालपाशी ७९. दारचाच्या चौकीत पोलिसांनी वही उघडली, सकाळचीच नावं बघितली आणि काही न विचारता "वापस" असं लिहिलं. तिथे ८५. सव्वासातला जिस्पाला पोचलो तेव्हा उजेड अजून होता. भाच्याने मास्क काढला आणि नदीकाठच्या दगडावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी केलांगच्या रुग्णालयात दाखवलं. डॉक्टरांनी तपासलं आणि खाली आणलंत ते बरं केलंत एवढंच सांगितलं. आता पुन्हा वर जायचं नाही, दोन दिवस विश्रांती, मग मनाली.

लेह राहिलं. दादाने त्याबद्दल परतीच्या अख्ख्या प्रवासात एकदाही तक्रार केली नाही. संगमेश्वर रोडला गाडीतून उतरलो तर धो धो पाऊस, आणि तो म्हणाला, "आता मीटर मोजून आखू या. मनालीला तीन रात्री, जिस्पाला दोन."

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. भाचेबुवा दगडावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "आत्या, भूक लागली." मी गाडीतून चिवड्याचं पाकीट घेऊन आले. बारालाचावर आता फुटतंय की मग असं तटतटलेलं ते पाकीट खाली उतरताना बरंच सैल पडलं होतं. त्याने ते हातात घेऊन दाबून बघितलं, दोन्ही बाजूंनी निरखलं, म्हणाला, "याचंपण उतरलं," आणि फाडलं.